माघातली छत्री

माघ लागला की आमच्याकडच्या हवेला कोरडा वास येतो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, दादर ज्वारी हुरड्यावर आलेली असते, दुपार कलली की अंगावर धूळ घेऊन वारा सुटतो आणि एसटी स्टँडवर यात्रेच्या जादा गाड्यांचा फळा लागतो. बाकीच्यांना यात्रा म्हटलं की गोडीशेव आठवते, पाळणा आठवतो. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकते.

परवा माहेराहून वहिनीचा फोन आला. म्हणाली, "या ना ताई यात्रेला. लेकीलाही आणा. सहज." सगळं बोलणं साधं होतं, तो शेवटचा शब्द सोडून. ‘सहज’ या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. सहज कुणी कुणाकडे जात नाही, सहज कुणी कुणाला बोलावत नाही, आणि बावीस वर्षांच्या मुलीला तर कुणी सहज यात्रेला आणायला सांगतच नाही. मी विचारलं, "आणखी कोण कोण येणार आहे?" वहिनी हसली. त्या हसण्याचाही मला संशय आला.

मी अशीच आहे. भाजीवाल्याचा काटा स्थिर होईपर्यंत मी पिशवी पुढे करत नाही. शेजारीण वाटीभर खीर घेऊन आली की खीर खाण्याआधी मी कारण शोधते. घरात म्हणतात, हिला पोलिसात घ्यायला हवं होतं. म्हणोत. हा स्वभाव मी पोटातून आणलेला नाही. लोक यात्रेतून पिपाणी घेऊन येतात तसा मी तो शिरपूरच्या खंडेरावाच्या यात्रेतून घेऊन आले, आणि पिपाणी दोन दिवसांत फुटते, हा काही फुटला नाही.

तेव्हा मी पाचवीत होते. तापीच्या अलीकडे आमचं गाव. घरात आबा, म्हणजे आजोबा, भाऊ, म्हणजे वडील, कारण आमच्याकडे वडिलांनाही भाऊच म्हणत, आई, तीन वर्षांचा बंडू, आणि निर्मला फुई. फुई म्हणजे वडिलांची बहीण. ‘आत्या’ हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला, घरात कधी नाही. फुई धुळ्याला देवपुरात होस्टेलवर राहून डी.एड. करत होती. दुसरं वर्ष होतं, परीक्षा उन्हाळ्यात. सुट्टीला आली की ती मला समोर बसवून पाठ घ्यायची, फळा म्हणून गोठ्याचं दार आणि खडू म्हणून चुनखडीचा तुकडा. शिकवताना तिचा आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची. आमच्या घराण्यातली एकही बाई तोवर नोकरीला गेली नव्हती. फुईला जायचं होतं. त्यासाठी तेवढी एक परीक्षा व्हायची होती, आणि लग्न ठरलेल्या मुलीनं परगावी राहून परीक्षा दिली असं आमच्या भावकीत कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. पसंती आली की वैशाखात अक्षता, आणि पुस्तकं माळ्यावर, हाच रिवाज. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मोठी माणसं पोरांसमोर बोलतात आणि पोरांना कळत नाही असं धरून चालतात.

त्या वर्षी आबांनी होस्टेलवर निरोप धाडून फुईला मुद्दाम बोलावून घेतलं. यात्रेसाठी! जे आबा यात्रेला ‘धूळ खावाना धंदा’ म्हणायचे, त्यांनी. मग भाऊंनी बैल धुतले, शिंगांना रंग दिला. दरवर्षी आम्ही एसटीनं दाटीवाटीनं जायचो, त्या वर्षी बैलगाडीत गोधडी अंथरली गेली. आईनं ट्रंकेतली स्वतःची अंजिरी साडी काढून फुईच्या हातात दिली. आणि आबांचे चुलतभाऊ, थाळनेरचे नाना, ज्यांचा सोयरिकी जुळवण्यात हातखंडा, ते ओट्यावर बसून हळू आवाजात म्हणाले, "सहज चाली ऱ्हायनात ना, मंग पोरेसले बी ल्या. पोरं संगे ऱ्हायनात म्हनजे कोन्ही काही इचारत नई."

पोरं म्हणजे मी आणि बंडू. आमचा काहीतरी उपयोग केला जाणार आहे, एवढं मी ताडलं. कशासाठी, ते कळेना. आधी मला वाटलं, बैल विकायचे असणार, म्हणूनच शिंगं रंगवली. मी गाडीत बैलांच्या पाठीवर नजर ठेवून बसले. पण शिरपूरला पोचल्यावर भाऊंनी बैल एका निंबाखाली बांधले, पुढ्यात कडबा टाकला आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग माझा संशय बैलांवरून उठला आणि भाऊंवर जाऊन बसला, कारण भाऊ त्या दिवशी प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत होते.

ज्या घरात बाप सहसा ‘हो’ म्हणत नाही, त्या घरातल्या पोराला हे किती भयंकर वाटतं, हे बाकीच्यांना कळायचं नाही. मी पाळणा म्हटलं, हो. मी फुगा म्हटलं, हो. सापाचं अंग आणि बाईचं डोकं असलेल्या प्राण्याचा तंबू म्हटलं, त्यालाही हो! त्या तंबूत मी खाली वाकून टेबलाच्या पायांमधून पाहिलं. तिथे आरसा होता, आरशामागे बाईचे पाय होते आणि पायांत प्लास्टिकच्या चपला. ते मला फार बरं वाटलं. निदान एक लबाडी तरी मला सापडली होती.

यात्रेचा गलका अजून कानात आहे. भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं, त्याच भोंग्यावर तमाशाची जाहिरात, मधूनच ‘येळकोट येळकोट जय मल्हार’. भंडाऱ्यानं माणसांचे सदरे पिवळे, आणि गोडीशेवेच्या ढिगावर बसलेल्या माशा सोन्यासारख्या पिवळ्या. सतरंजीवर बसून आम्ही जिलबी खाल्ली. समोरच्या भत्त्याच्या, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांच्या, गाडीशी एक माणूस उभा होता. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत काळी छत्री. त्याच्या शेजारी हिरव्या नऊवारीतली एक जाडजूड बाई. दोघांच्या हातांत भत्त्याचे पुडे होते, आणि दोघंही खात नव्हती. मी विचार केला, माघ महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, ऊन तर इतकं कोवळं की अंगावर घ्यावं. माणूस छत्री कशाला आणतो? पुढे पाळण्यापाशी गेलो, तिथे छत्री. रेवडीच्या दुकानाशी थांबलो, तिथे छत्री. आता कळतं, ती खूण होती. नानांनी त्यांना सांगितलं असेल, छत्री ठेवा, म्हणजे मला गर्दीत तुम्हाला ओळखून लांबूनच मुलगी दाखवता येईल.

आमच्याकडे तेव्हा यात्रेत मुलगी दाखवायची रीत होती. घरी बोलावून पोहे करून दाखवायची ती नंतर, पसंती झाली तर. आधी नुसतं लांबून बघायचं. मुलीला सांगायचं नाही, म्हणजे ती मोकळी वागते, चालते, हसते, खाते. नापसंत झाली तरी गावात कुणाचं नाक कापलं जात नाही, कारण कुणी कुणाला पाहिलंच नव्हतं, सगळी यात्रेला आली होती. कडेवर लहान पोर द्यायचं, म्हणजे कंबरेतली ताकद कळते आणि पोर रडलं तर स्वभावही कळतो. मग मुलीला कासाराकडे बसवायचं. तोंडाला पावडर लावता येते, कोपराला कोण लावतो? बांगड्या भरताना हात कोपरापर्यंत उघडा पडतो, खरा रंग दिसतो, बांगडी रुतली तर ती ओरडते की सोसते, तेही दिसतं. माणसं बैल घेतानाही इतका विचार करत नसतील. मला या रीतीचा तेव्हाही राग आला असता, पण तेव्हा मला ती माहीतच नव्हती.

गाडीतून उतरताना आईनं बंडूला फुईकडे दिलं. "उजव्या कडवर ले वं त्याले," ती म्हणाली, "डावीकडे रडस तो." फुईनं घेतला. मग दिवसभर बंडू फुईच्या उजव्या कडेवर. मध्ये एकदा भाऊ म्हणाले, दे माझ्याकडे. आईच म्हणाली, राहू द्या, तो तिच्याकडे चांगला राहिला आहे.

कासाराकडे जाताना मला राहवलं नाही. मी फुईचा पदर ओढून सांगितलं, "फुई, ती हिरवी बाई आपल्या मागे मागे येते आहे. तो छत्रीवाला पण."

आता बघा, कुणी आपल्या मागे येतंय असं सांगितलं तर माणूस काय करतो? मान वळवतो. शहाणा असो, वेडा असो, वळवतोच. फुईनं मान वळवली नाही. ती समोर बघत म्हणाली, "मागे देखू नको वं. पुढे देख. बांगड्या देख किती छान शेतीस."

तिथे मी खरी घाबरले. भाऊंना माहीत होतं, नानांना माहीत होतं, आणि आता फुईलाही माहीत होतं. एकटी मीच बाहेर होते. माझं बोट धरलेली फुईसुद्धा मला परकी वाटायला लागली.

मग मी तिच्यावर पाळत ठेवली. कासारापुढे बसताना तिनं बंडूला उजव्या मांडीवर घेतलं आणि डावा हात पुढे केला. कासारानं उजवा मागितला तेव्हा तिनं बंडूकडे बोट दाखवलं, तेही डाव्याच हाताचं. बांगड्यांचे रंग डाव्या हातानं निवडले, कपाळावरचे केस डाव्या हातानं मागे सारले. मला सकाळची जिलबी आठवली. तीही डाव्या हातात होती. माझी फुई, जी उजव्या हातानं गोठ्याच्या दारावर मोत्यासारखं अक्षर काढायची!

देवळात तर कहर झाला. पुजाऱ्यानं प्रसाद पुढे केला आणि फुईनं डावा तळहात धरला. पुजारी घुटमळला. तिनं हात तसाच ठेवला. त्यानं प्रसाद ठेवला, तिनं तो कपाळाला लावून खाल्ला. मी आईकडे पाहिलं. डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून ह्याच आईनं गेल्या वर्षी ह्याच देवळात मला चापट मारली होती, भर गर्दीत. आईनं पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि ती देवाकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली. दीपमाळेशी हिरवी बाई उभी होती, तिचा हात तोंडावर गेलेला मला दिसला.

उन्हं कलताना बारागाड्या निघाल्या. एकाला एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत खच्चून भरलेली माणसं, आणि कंबरेला दोर बांधून त्या ओढणारा भगत. भंडारा उधळला गेला, सगळी यात्रा एका अंगाला वळली, म्हातारेकोतारे टाचा उंचावून बघायला लागले. त्या हजारो माणसांत दोनच तोंडं आमच्याकडे होती. छत्रीवाला बाईच्या कानाशी काहीतरी बोलला, बाईनं मान हलवली, आणि दोघं बारागाड्या न बघताच निघून गेली.

चार-पाच दिवसांनी नाना आले. ओट्यावर बसून आधी पाणी प्यायले, मग इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "पोर चांगली शे. रंग बी चांगला, चाल बी चांगली. पन डावरी शे, अशे म्हनतस त्या."

"डावरी?" आबांचा आवाज गोठ्यापर्यंत गेला. "आमनी पोर? कव्हयपासून?"

त्यानंतर घरात जो संशयाचा धुरळा उठला, त्यापुढे यात्रेतली धूळ काहीच नव्हती. आबांना वाटलं, पलीकडच्यांनी दुसरीकडे जमवलं आणि आता निमित्त सांगताहेत. भाऊंना वाटलं, नानांनीच भलत्या मुलीकडे बोट दाखवलं. नानांना वाटलं, आपल्यापासून काहीतरी लपवलं. सगळ्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त फुईवर घ्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण तिला तर काही माहीतच नव्हतं ना! ती मागच्या खोलीत होस्टेलला जायची पिशवी भरत होती.

मग आबांना मी आठवले. मला ओट्यावर बोलावलं, गुडघ्यांत धरलं. "तू संगे व्हतीस ना माय? खरं सांग. फुईना कोनता हातमा जिलबी व्हती?"

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बांगड्या फुईच्या की आईच्या, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की मी जे बोलेन त्यावर फुईचं काहीतरी अवलंबून आहे. ‘डाव्या’ म्हटलं तर आबा विचारतील, ‘का?’, आणि मग त्यांना सगळंच कळेल. ‘उजव्या’ म्हटलं तर नाना पुन्हा जाऊन सांगतील, तुमची नजर चुकली, पोर उजवीच आहे, पुन्हा बघा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एक गोष्ट होती जी मोठ्यांना हवी होती. मी म्हटलं, "माले नई माहीत. मी मन्ही जिलबी देखत व्हतू."

आबा हसले. नानाही हसले. खादाड पोर म्हणून सोडून दिलं.

फुई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं धुळ्याला गेली. परीक्षा दिली, पास झाली. ‘डावरी’ हा शिक्का भावकीत दोन वर्षं फिरत राहिला. कुठलंही स्थळ निघालं की कुणीतरी तो शब्द काढायचंच. आबा पाहुण्यांसमोर फुईला मुद्दाम वाढायला लावायचे आणि ‘उजव्या हातानं वाढ गं’ असं इतक्या मोठ्यानं म्हणायचे की पाहुण्यांना आणखीच संशय यायचा. तेवढ्या दोन वर्षांत फुईला भडगावकडच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. मग शिक्षकाचंच स्थळ आलं, नोकरीसकट पसंत करणारं. त्या लग्नात मी पोटभर जिलबी खाल्ली.

कित्येक वर्षं मला वाटायचं, युक्ती फुईची. माझी लेक वर्षाची असताना आम्ही जळगावला एका प्रदर्शनात गेलो होतो. तिला कडेवर घेऊन मी आइस्क्रीमचे पैसे द्यायला गेले आणि एकदम थांबले. लेक माझ्या डाव्या कडेवर होती. मी आजूबाजूला पाहिलं. दिसेल त्या बाईचं पोर डाव्या कडेवर. कामाचा हात मोकळा राहावा म्हणून बाई पोर डावीकडेच घेते, हे कुणी शिकवावं लागत नाही. बंडूला उजवीकडे द्यायला लावलं होतं ते आईनं. आणि बंडू डावीकडे रडतो हे शुद्ध खोटं होतं. तो सगळीकडे सारखाच रडायचा.

मी फुईला विचारलं. तोवर ती मुख्याध्यापिका झाली होती, प्रश्न विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून बघायची सवय लागली होती. म्हणाली, "तुझ्या आईला विचार." आईला विचारलं तर म्हणाली, "तुन्ही फुईले इचार." दोघींचं हे असं वर्षानुवर्षं चाललं. नणंद-भावजय एरवी उसाच्या कांड्यावरून भांडायच्या, पण या एका बाबतीत एक अक्षर फुटू द्यायच्या नाहीत. आबा गेले, नाना गेले, भाऊही गेले. आता लपवायचं कुणापासून, हेच मला कळत नव्हतं.

वहिनीच्या त्या ‘सहज’नंतर मी माहेरी गेले, लेकीला न घेता. लेक फोनवर खूप हसली होती. म्हणे, "आई, आता कुणी यात्रेत बघत नाही. फोटो आधीच पोचलेले असतात." हे ऐकून मला धीर यायला हवा होता, पण मी लगेच वहिनीचा फोन तपासायचं ठरवलं. ते राहूनच गेलं. दुपारी आई मागच्या पडवीत सूप घेऊन दादर पाखडत बसली होती. सत्तरी उलटली तरी तिला दुसऱ्यानं निवडलेलं धान्य चालत नाही. मी शेजारी बसले आणि या वेळी वेगळं विचारलं. ते कुणी केलं, हे नाही विचारलं. विचारलं, "तुला कसं सुचलं?"

आईनं सुपातला एक खडा वेचला. मग म्हणाली, "मी सातवीमा व्हतू. आम्हना मामा यात्राले लई गया. नवा परकर, नव्या बांगड्या. पाळनामा बसनू, रेवड्या खाद्यात. दिनभर हासत व्हतू मी. इतली हासनू की पोट दुखनं." तिनं हातातला खडा अंगणात टाकला. "पंधरा दिनमा कुंकू लायं. मंग समजनं, त्या यात्रामा तुना आबा व्हतात, भत्तानी गाडीजवळ. मन्हं हासनं त्यासले आवडनं म्हने."

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, पण माझी आई एके काळी संशय न घेणारी मुलगी होती, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मला तिची फार माया आली आणि आबांचा, गेलेल्या माणसाचा, राग आला.

"माले कोन्हीच सांगेल नव्हतं," आई म्हणाली. "तुन्ही फुई बी तशीच हासती. आन त्या तिले देखतात. म्हनीसन मी तिले सांगं."